सरकारी आणि धोरणक्षेत्रातल्या तरुणांसाठी परदेशी फेलोशिप : अर्जापासून पुन्हा रुजू होईपर्यंत

ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा फॉर्म नेटाने बसलं तर आठवड्याभरात भरून होतो. त्यात लिहिण्याजोगं काम, त्या कामाचे कागद, वरिष्ठांचं शिफारसपत्र आणि कार्यालयाची परवानगी एवढं जमवायला मात्र वर्ष जातं. जिल्हा परिषद, महापालिका, मंत्रालय, एखादं सरकारी मिशन, थिंक टँक (धोरणांचा अभ्यास करणारी संस्था) किंवा आमदार-खासदारांचं कार्यालय इथे काम करणारी पंचविशी-तिशीतली मंडळी सगळा जोर इंग्रजी निबंधावर लावतात आणि फाईल शेवटच्या महिन्यावर ढकलतात. क्रम उलटा हवा. आधी फाईल, मग निबंध.

इथे मुख्य नमुना म्हणून ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेतली आहे. तिची तयारी ज्याला जमली, त्याला बाकीच्या फेलोशिपची निम्मी तयारी आपोआप होते.

कोणती फेलोशिप कोणासाठी

चेव्हनिंग ही ब्रिटिश परराष्ट्र खात्याची शिष्यवृत्ती, १९८३ पासून चालू असलेली. तिच्यातून ब्रिटनमध्ये एक वर्षाची पदव्युत्तर पदवी मिळते. शिक्षण शुल्क, दरमहा खर्चाची रक्कम, विमान प्रवास आणि व्हिसाचा खर्च त्यात येतो. जोडीदार आणि मुलांचा खर्च येत नाही. घरच्यांना सोबत न्यायचं असेल तर तो हिशेब आधीच वेगळा मांडा.

हंफ्री फेलोशिप अमेरिकेची, १९७८ पासूनची. तिच्यात पदवी मिळत नाही. सुमारे दहा महिने एका विद्यापीठात राहून आपल्या कामाशी संबंधित विषय शिकायचे आणि काही आठवडे एखाद्या अमेरिकी कार्यालयात किंवा संस्थेत बसून तिथलं काम बघायचं. पदवीनंतर किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. विद्यापीठ आपण निवडत नाही, ते कार्यक्रमाकडून ठरतं. अलीकडच्या वर्षांत अमेरिकेत बराच काळ राहून आलेल्यांना ती मिळत नाही. भारतातले अर्ज दिल्लीच्या युसिफ या भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठानामार्फत जातात.

जर्मन चान्सलर फेलोशिप हंबोल्ट प्रतिष्ठान देतं, आणि पात्र देशांच्या छोट्या यादीत भारत आहे. तिची रचना वेगळी आहे. प्रकल्प तुमचा, त्यासाठी जर्मनीतली यजमान संस्थाही तुम्हीच शोधायची आणि तिचं सविस्तर पत्र अर्जाला जोडायचं. कोणी तरी आपल्याला कुठे तरी बसवेल अशा आशेने अर्ज करणाऱ्यासाठी ही नाही.

चौथा कार्यक्रम आयव्हीएलपी, म्हणजे अमेरिकी सरकारचा इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्राम हा अभ्यासदौरा. तरुण अधिकारी आणि लोकप्रतिनिधींना तो नेहमी खुणावतो, पण त्याला अर्जच नसतो. अमेरिकी दूतावास स्वतः नावं सुचवतो. त्याचा फॉर्म भरून देतो असं म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तिथूनच मागे फिरा.

निवड कशी करायची? कायम सेवेतल्या माणसाला आणखी एका पदवीने बढतीत फारसा फरक पडत नाही. त्याला हंफ्रीसारखा कार्यक्रम जास्त उपयोगी. कंत्राटी सल्लागाराला पुढची नोकरी स्वतःच शोधायची असते, त्याला पदवी कामाला येते, म्हणून चेव्हनिंग. हातात ठोस प्रश्न असेल, उदाहरणार्थ शहर बससेवेचं तिकीट एकत्र कसं करायचं किंवा ओल्या कचऱ्याचं कंत्राट कसं लिहायचं, तर जर्मनीकडे बघा. एकाच देशावर भिस्त मात्र ठेवू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने एक्सचेंज कार्यक्रमांचा निधीच काही काळ रोखला होता. परदेशी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या कोणत्याही योजनेत हा धोका असतो.

आधी आपली खुर्ची ओळखा

नेमणूकपत्र काढून समोर ठेवा आणि त्यावर सही कोणाची आहे ते बघा. पुढचे सगळे कागद त्यावर ठरतात.

कायम सरकारी कर्मचारी असाल तर रजा, ना हरकत प्रमाणपत्र आणि परदेशी आदरातिथ्यासाठी, म्हणजे परदेशी पैशातून प्रवास, निवास किंवा भोजनाचा खर्च घेण्यासाठी, केंद्र सरकारची परवानगी अशी तीन दारं आहेत. सरकारी मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या कंपनीत, म्हणजे स्मार्ट सिटी कंपनी किंवा महामंडळात असाल, तरीही केंद्राच्या परवानगीचा नियम लागतो. एखाद्या सल्लागार कंपनीच्या पगारावर राहून मंत्रालयात बसत असाल तर तुमचा मालक ती कंपनी. रजेचा प्रश्न तिच्याशी सोडवायचा, पण कामाचा दाखला मात्र खात्याकडून घ्यायचा.

सरपंच, पंचायत समिती सदस्य आणि नगरसेवक हे सहसा विसरतात की परदेशी आदरातिथ्याचा कायदा त्यांनाही लागू आहे. २०१० च्या परकीय अंशदान नियमन कायद्यात विधिमंडळाच्या व्याख्येत पंचायत आणि नगरपालिकाही येतात. राजकीय पक्षाचे पदाधिकारीही त्याच कलमात आहेत. त्याचा तपशील पुढे येतो.

स्वयंसेवी संस्था किंवा थिंक टँकमधल्यांचा रस्ता सर्वात मोकळा. त्यांची अडचण असते ती कामाचा परिणाम दाखवण्याची.

२८०० तासांचा हिशेब

चेव्हनिंगला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, पण मोजणी तासांत होते : एकूण २८०० तास. म्हणजे आठवड्याला ३५ तास, वर्षाला ४० आठवडे, अशी दोन वर्षं. हे तास एकाच नोकरीतले असायला हवेत असं नाही. अर्धवेळ, मानधनावरचं आणि स्वयंसेवी कामही धरता येतं. पदवीसाठी सक्तीची असलेली आणि गुणांत धरली जाणारी इंटर्नशिप मात्र चालत नाही.

मुख्यमंत्री फेलोशिपसारखं एक वर्षाचं काम घ्या. आठवड्याला ४० तास धरले तर ५२ आठवड्यांचे २०८० होतात. तेवढे पुरत नाहीत, ७२० तास दुसरीकडून आणावे लागतात. खासदारांसोबत काम करायला लावणारी लॅम्प फेलोशिप वर्षभराचीही भरत नाही, त्यामुळे तिला जोडूनही आणखी काम लागतंच. महात्मा गांधी राष्ट्रीय फेलोशिपची दोन वर्षं असली तर प्रश्न सुटतो.

इथे खरा घोळ होतो तो कागदांचा. जिल्ह्याचा प्रकल्प कक्ष बंद झाला, संगणकावरच्या फाईली कोणी तरी घेऊन गेलं आणि दोन वर्षांनी अनुभवाचा दाखला द्यायला सहीचा माणूसच उरला नाही. म्हणून प्रत्येक कंत्राट संपताना, शेवटचं मानधन खात्यात जमा होण्याआधी, दाखला हातात घ्या. त्यात रुजू झाल्याची आणि मुक्त झाल्याची तारीख, पदनाम, पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि कामाचं दोन-तीन ओळींचं वर्णन हवं. ‘यांनी समाधानकारक काम केले’ एवढ्याच ओळीचा दाखला असून नसल्यासारखा.

वर्षाचा ओघ

चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला उघडतात आणि शरद ऋतूत बंद होतात. अलीकडे मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आली आहे, त्यामुळे नोव्हेंबर धरून चालणाऱ्या जुन्या मार्गदर्शकांवर जाऊ नका. हिवाळ्यात छाननी होते, फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत मुलाखती, जूनच्या आसपास निकाल, जुलैत विद्यापीठाचा विनाअट प्रवेश दाखवायची मुदत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर्ग.

याचा अर्थ पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जायचं असेल तर या वर्षीच्या मे महिन्यात कामाला लागायचं. मे-जूनमध्ये अभ्यासक्रम बघून घ्या आणि गुणपत्रकांचे ट्रान्सक्रिप्ट मागवा. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ट्रान्सक्रिप्ट यायला आठवडे लागतात. जुलैत निबंधांसाठी कामांची यादी करा आणि कार्यालयात तोंडी कल्पना द्या. ऑगस्ट-सप्टेंबर लिहिण्यासाठी. ऑक्टोबर ते जानेवारी विद्यापीठांचे अर्ज. ज्याच्या खात्याला निवडणुकीचं काम लागतं किंवा मार्चअखेरीचा खर्च बघायचा असतो, त्याने मुलाखतीची तयारी जानेवारीतच उरकावी.

तीन अभ्यासक्रम

फॉर्ममध्ये तीन अभ्यासक्रम द्यावे लागतात. इथली मोठी गैरसमजूत म्हणजे चेव्हनिंग प्रवेशही मिळवून देते. देत नाही. तिन्ही विद्यापीठांना तुम्ही वेगळे अर्ज करायचे आणि अर्जाचं शुल्क असेल तर ते स्वतःच्या खिशातून भरायचं. तीनपैकी एकाचा विनाअट प्रवेश मुदतीत हातात नसला तर निवड होऊनही शिष्यवृत्ती जाते.

अभ्यासक्रम पूर्णवेळ, शिकवणीचा (संशोधनाचा नव्हे), शरदात सुरू होणारा आणि बारा महिन्यांच्या आत संपणारा हवा. नावावर जाऊ नका. ऑक्सफर्डच्या ब्लावॅटनिक स्कूलचा मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी एक वर्षाचा आहे, तो बसतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा मास्टर ऑफ पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन एक वर्षापेक्षा जास्त चालतो, तो बसत नाही. त्याच संस्थेचे एक वर्षाचे एमएससी बसतात. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर कालावधीची ओळ वाचूनच तो यादीत घ्या.

तिन्ही एकाच दिशेचे असावेत. सार्वजनिक धोरण, विकास अर्थशास्त्र आणि व्यवसाय व्यवस्थापन अशी भेळ केली की निवड मंडळाला वाटतं, याला फक्त लंडनला जायचं आहे. एक प्रवेशाला अवघड, एक मध्यम आणि एक पक्का मिळणारा, असं धरा. भारतीय पदवीला साधारण ६० टक्के हे ब्रिटनच्या वरच्या द्वितीय श्रेणीच्या जवळपास धरलं जातं, पण वरची विद्यापीठं जास्त मागतात. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत धोरणविषयक अभ्यासक्रमांसाठी ७ ते ७.५ लागतात आणि निकाल दोन वर्षं चालतो. ही परीक्षा निकालानंतर बघू म्हणून ठेवली तर जूनमध्ये तारीख मिळेपर्यंत जुलैची मुदत येते.

मार्च-एप्रिलमध्ये काही विद्यापीठं जागा राखायला अनामत मागतात. घाईने भरू नका. शिष्यवृत्तीचा निकाल जूनमध्ये आहे असं प्रवेश कार्यालयाला लेखी कळवून मुदतवाढ मागा, अनेक ठिकाणी ती मिळते.

निबंध : कर्ता दिसला पाहिजे

चार निबंध असतात : नेतृत्व, संबंध जोडणं, ब्रिटनमधलाच अभ्यासक्रम का, आणि पुढचा कामाचा आराखडा. जागा काही शे शब्दांचीच. सरकारी माणसाची अडचण इंग्रजीपेक्षा टिप्पणीच्या सवयीची असते. आपल्या टिप्पण्यांत ‘कार्यवाही करण्यात आली’, ‘प्रस्ताव सादर करण्यात आला’ असंच लिहायची शिस्त आहे. तिथे ती योग्यही आहे. निबंधात तीच भाषा आली की काम कोणी केलं तेच कळत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंचायत समितीत पाणीपुरवठ्याचं काम बघणारी एक समन्वयक असं लिहिते :

‘तालुक्यातील पाणीपुरवठा योजनांच्या अंमलबजावणीत मी महत्त्वाची भूमिका बजावली. विविध भागधारकांशी समन्वय साधून योजना यशस्वीरीत्या राबवण्यात आल्या.’

यात एकही गोष्ट तपासता येत नाही. तेच काम असं सांगता येतं :

‘चौदा गावांत नळजोडणी कागदावर पूर्ण होती, पण उन्हाळ्यात पाणी येत नव्हतं. मी ग्रामसेवकांकडून महिनाभर पंप किती तास चालला याची नोंद मागवली. नऊ गावांत कारण वीजबिलाची थकबाकी निघालं. तीन सरपंच पाणीपट्टी वाढवायला तयार नव्हते, कारण निवडणूक तोंडावर होती. मी ग्रामसभेत गावाचा महिन्याचा विजेचा खर्च आणि जमा पाणीपट्टी फळ्यावर मांडली. दोन गावांनी हप्ते बांधून घेतले, तिसऱ्याने नाही घेतले.’

दुसऱ्या परिच्छेदात एक अडथळा आहे, तो कोणाकडून आला ते आहे, तिने स्वतः काय केलं ते आहे आणि जे जमलं नाही तेही आहे. तिसरं गाव लपवू नका. मुलाखतीत नेमका त्याच्यावरच प्रश्न येईल, आणि तिथेच तुम्ही खरोखर काम केलंय हे कळेल. आकडे मात्र स्वतःच्या नोंदींतले हवेत. संपूर्ण जिल्ह्याच्या लाभार्थ्यांची संख्या स्वतःच्या नावावर घेतली की शिफारसपत्राशी ताळमेळ बसत नाही.

संबंध जोडण्याच्या निबंधात मोठमोठ्या साहेबांची नावं टाकून उपयोग नाही. कोणाची ओळख कशी झाली, त्या ओळखीतून कोणतं काम झालं आणि त्या माणसाला तुमच्याकडून काय मिळालं, हे एका उदाहरणात सांगा. तालुक्यातल्या बँक शाखाधिकाऱ्याशी जमवून बचत गटांची अडलेली कर्जप्रकरणं मार्गी लावली असतील, तर ते परिषदेतल्या फोटोपेक्षा वजनदार आहे.

तिसऱ्या निबंधात विद्यापीठाची क्रमवारी लिहू नका. प्रत्येक अभ्यासक्रमातला एखादा विषय घ्या आणि तुमच्या कामातली कोणती अडचण त्याने सुटते ते लिहा. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वित्तव्यवस्थेवर काम करायचं असेल, तर सार्वजनिक वित्ताचा पेपर कोणता, मोजमापाचा कोणता, इतक्या तपशिलात जा.

आराखड्याच्या निबंधात ‘परत येऊन देशाची सेवा करीन’ पुरत नाही. परतल्यावर पहिल्या वर्षी कोणतं पद किंवा कोणती संस्था, पाच वर्षांनी काय, आणि तिथे पोहोचायला काय आड येऊ शकतं ते लिहा. कायम सेवेत असाल तर कोणत्या शाखेत किंवा विभागात बदली मागणार तेही लिहिता येतं. चेव्हनिंगची अट शिष्यवृत्ती संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहण्याची आहे. त्यामुळे आराखड्यात लंडनमधल्या नोकरीचा वासही नको.

तयार नमुन्यांवरून किंवा यंत्राकडून लिहून घेतलेले निबंध ओळखू येतात, कारण ते सगळे एकसारखे गुळगुळीत असतात. शिवाय अर्जांची साहित्यचोरीची तपासणी होते. अर्ज पाठवल्यावर निबंध बदलता येत नाहीत. पाठवण्याआधी एकदा तरी मोठ्याने वाचा, तेही आपलं काम माहीत नसलेल्या माणसासमोर.

शिफारसपत्रं : बदली होण्याआधी

मुलाखतीसाठी निवड झाली की दोन शिफारसपत्रं लागतात. अर्ज आणि ही मागणी यांच्यात काही महिने जातात, आणि तेवढ्यात जिल्हाधिकारी किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी बदलून जातात. पत्र देणाऱ्याचा वैयक्तिक ईमेल आणि फोन ते तुमच्या कार्यालयात असतानाच घेऊन ठेवा. बदली झाल्यावरही ते त्या काळातल्या कामाबद्दल लिहू शकतात. फक्त तेव्हाचं आणि आताचं पदनाम दोन्ही पत्रात हवं.

आमदार किंवा मंत्र्यांचं पत्र मिळवण्यासाठी जीव टाकणारे खूप. ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलं नाही त्यांचं पत्र, लेटरहेड कितीही मोठं असलं तरी, पोकळच वाचलं जातं. थेट वरिष्ठ आणि एक शिक्षक किंवा दुसऱ्या प्रकल्पातला वरिष्ठ ही जोडी सर्वात बरी. त्यांना एक पान लिहून द्या : निबंधांत कोणती उदाहरणं दिलीत, तारखा काय, आकडे काय. पत्र त्यांनीच लिहावं. साहेब ‘तूच ड्राफ्ट आण’ म्हणाले तरी मुद्देच द्या, कारण निबंध आणि पत्र एकाच शैलीत आले की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

मुलाखत

प्रश्न चार निबंधांभोवतीच फिरतात, म्हणून स्वतःचा अर्ज पुन्हा वाचून जा. निबंधातलं उदाहरण सोडून प्रत्येक गुणासाठी आणखी एक उदाहरण तयार ठेवा. ब्रिटिश करदात्याने तुमच्यावर पैसे का खर्च करावेत, तुमचा वरिष्ठ तुमच्याशी असहमत झाला तेव्हा काय केलं, निवड झाली नाही तर काय करणार, असे प्रश्न धरून चाला.

सरकारी कर्मचाऱ्याला धोरणावर मत विचारलं तर अवघड वाटतं, कारण वर्तणूक नियम डोक्यात असतात. शासनाच्या निर्णयाला नावं ठेवू नका आणि त्याची जाहिरातही करू नका. अंमलबजावणीत कुठे अडतं आणि तुम्ही असता तर कोणता टप्पा बदलला असता, एवढ्यावर राहा. तेच त्यांना ऐकायचं असतं.

परवानगीची फाईल

हा सर्वात किचकट भाग, आणि याची चर्चा सर्वात कमी होते.

पहिलं, अर्ज करण्याआधी आस्थापना शाखेला लेखी कळवा आणि पोच घ्या. निवड झाल्यावर अचानक कागद टाकला की पहिला शेरा येतो : पूर्वपरवानगीविना अर्ज का केला?

दुसरं, रजा. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९७२ च्या रजा नियमांप्रमाणे अध्ययन रजा मिळते. साधारण पाच वर्षांची सेवा पूर्ण असावी लागते, एका वेळी सहसा बारा महिने आणि पूर्ण सेवेत चोवीस महिने अशी मर्यादा आहे, आणि परतल्यावर सेवा करण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आहेत. आपल्या संवर्गाला कोणते लागू होतात हे शाखेतल्या लिपिकाकडून कलमासह काढून घ्या. ‘मिळते ना हो’ एवढ्यावर थांबू नका. पाच वर्षं झाली नसतील तर असाधारण रजेचा पर्याय तपासावा लागतो, आणि ती बिनपगारी असते. परिवीक्षाधीन असाल तर आणखी थांबणंच शहाणपणाचं.

अध्ययन रजेच्या फाईलवर दोन आक्षेप ठरलेले. एक, विषयाचा तुमच्या कामाशी थेट संबंध काय? दोन, हा विषय भारतात शिकायची सोय असताना परदेशात कशाला? केंद्राच्या नियमांत हे दोन्ही मुद्दे आहेतच. त्यांची उत्तरं अर्जातच द्या : अभ्यासक्रमातल्या विषयांची यादी, त्यांच्यासमोर तुमच्या शाखेतलं काम, आणि भारतातल्या अभ्यासक्रमात काय नाही ते. सोबत एक वाक्य ठळकपणे टाका, की शिक्षण शुल्क आणि प्रवासाचा कोणताही भार शासनावर नाही. हे वाक्य वित्त शाखेत फाईल थांबू देत नाही.

तिसरं, विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला आणि गेल्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल. अहवाल अपुरे असतील तर ते पूर्ण करून घ्यायलाच दोन महिने जातात. हे काम मे-जूनमध्येच धरा.

चौथं, परदेशी आदरातिथ्य. परकीय अंशदान नियमन कायद्याच्या कलम ६ प्रमाणे सरकारी कर्मचारी, सरकारी कंपनीचे कर्मचारी, न्यायाधीश, विधिमंडळ आणि स्थानिक संस्थांचे सदस्य आणि राजकीय पक्षांचे पदाधिकारी यांनी परदेशात असताना परकीय स्रोताकडून प्रवास, निवास किंवा भोजनाचा खर्च घेण्याआधी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी घ्यायची असते. त्यासाठी एफसी-२ हा ऑनलाइन फॉर्म आहे. निमंत्रण किंवा निवडपत्र जोडावं लागतं, आणि प्रस्थानाच्या किमान दोन आठवडे आधी अर्ज पोहोचायला हवा. दोन आठवडे ही शेवटची रेषा. निवडपत्र आलं त्याच आठवड्यात फॉर्म भरा. शिष्यवृत्तीची रक्कम आणि आदरातिथ्य हे कायद्यात वेगळे विषय आहेत, म्हणून ‘ही तर स्कॉलरशिप आहे, मला लागू नाही’ असं स्वतःच ठरवून टाकू नका. खात्याकडून लेखी मत घ्या.

पासपोर्टही बघा. सरकारी कर्मचाऱ्याला नव्याने काढताना किंवा नूतनीकरण करताना कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र किंवा पूर्वसूचनापत्र लागतं.

नाव, टीबी आणि व्हिसा

महाराष्ट्रातल्या गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. कुठे शेवटी आईचं नावही. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या कागदांवर तर तीन वेगवेगळी नावं सापडतात. फेलोशिप, विद्यापीठ आणि व्हिसा या तिन्ही फॉर्मवर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा, आणि फरक असेल तर राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा. विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रवेश क्रमांकाच्या कागदावर एक अक्षर चुकलं तरी तो दुरुस्त करून घ्यावा लागतो, आणि ऑगस्टमध्ये एकेक दिवस मोलाचा असतो.

सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर ब्रिटनच्या व्हिसासाठी क्षयरोग तपासणी लागते, तीही ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. फार आधी काढलं तर वाया जातं. छातीच्या एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला तर थुंकीची कल्चर तपासणी सांगतात आणि तिला आठवडे लागतात. पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांनी जूनअखेरच तपासणी करावी.

हंफ्रीसाठी अमेरिकेचा जे-१ व्हिसा मिळतो. त्याला दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट जोडलेली असते. ती पूर्ण होईपर्यंत एच-१बी आणि एल हे नोकरीचे व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. जोडीदाराची अमेरिकेत नोकरी असेल तर हा मुद्दा अर्जाआधी घरी बोला.

परतल्यावर

रजा संपण्याच्या दुसऱ्याच दिवशी रुजू अहवाल द्या. प्रबंधाची मुदत आणि रजेची तारीख यांत अंतर असेल तर अर्जित रजा जोडण्याचा अर्ज परदेशातूनच, रजा संपण्याच्या किमान महिनाभर आधी पाठवा. पदवी प्रमाणपत्र यायला काही महिने लागतात, तोवर विद्यापीठाचं अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं पत्र शाखेत द्या. नवी अर्हता सेवापुस्तकात नोंदवून त्या पानाची सही असलेली प्रत स्वतःकडे ठेवा. बंधपत्राची मुदत कोणत्या तारखेला संपते हेही त्याच पानावर लिहून घ्या, कारण मध्ये राजीनामा दिला तर रजेच्या काळातला पगार व्याजासह परत करण्याची वेळ येते.